नापास कुणाला म्हणायचं?

शंभर पॅकेटं पाठवली. ९९ वाटेतच गेली, एक कसंबसं परत आलं. आता लिनक्सवरच्या पिंगला विचारा, समोरचा सर्व्हर ठीक आहे का? पिंग म्हणेल, ठीक आहे की! आणि पिंग खोटं बोलत नाही. त्याच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे: एकही उत्तर आलं नाही तर १, दुसरीच काही भानगड झाली तर २, बाकी सगळं ०. आणि ० म्हणजे काम फत्ते. ९९ टक्के नुकसान सोसूनही पिंगची तब्येत अशी ठणठणीत राहते. एखाद्या सरकारी प्रकल्पाच्या उद्घाटनालाही इतका आशावाद आढळत नाही.

युनिक्सच्या घराण्यातला प्रत्येक प्रोग्रॅम मरताना एक आकडा मागे ठेवून जातो. तो एक्झिट कोड. पडद्यावर तो दिसत नाही. बघायचाच असेल तर 'एको डॉलर प्रश्नचिन्ह' असं टाइप करून मुद्दाम विचारावं लागतं, आणि तेही ताबडतोब. मध्येच दुसरी कुठलीही कमांड दिली, अगदी नुसतं एलएस केलं, तरी आधीचा आकडा जातो आणि एलएसचा आकडा त्या जागी बसतो. खरं म्हणजे हा आकडा माणसासाठी नाहीच. तो बिल्ड चालवणाऱ्या जेनकिन्ससाठी, सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टिमडीसाठी, रात्री दोन वाजता तुमचा फोन वाजवायचा की तुम्हाला झोपू द्यायचं हे ठरवणाऱ्या मॉनिटरिंगसाठी. माणसासाठी पिंग वेगळं बोलतं. शेवटी छान हिशेब मांडतं: १०० पाठवली, १ मिळालं, ९९ टक्के पॅकेट लॉस. हे वाचून कुठल्याही शहाण्या माणसाच्या पोटात गोळा येईल. पण वाचायला माणूस आहे कुठे? माणूस झोपलाय. जागं आहे ते मशीन, आणि मशीनच्या कानात पिंगने सांगून ठेवलंय, सगळं आलबेल.

यात पिंगला दोष देणं तसं बरोबर नाही. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस नावाच्या माणसाने नेटवर्कमधला एक त्रास शोधायला ते लिहिलं. त्याच्याच म्हणण्यानुसार हजारेक ओळींचा जुगाड, एका संध्याकाळी केलेला. हा प्रोग्रॅम जगातल्या जवळपास प्रत्येक संगणकावर जाऊन बसेल आणि पुढच्या शतकात त्याच्या एका आकड्यावर लोकांचे अप्रेझल ठरतील, हे त्या संध्याकाळी कोणाच्या मनात येणार? म्यूसनेच पुढे एक गंमत लिहून ठेवली आहे. एका पठ्ठ्याने म्हणे पिंगचं आउटपुट संगणकाच्या आवाजाला जोडलं. उत्तर आलं की मशीन मोठ्याने 'पिंग' म्हणणार. मग आवाज वाढवून साहेब इमारतभर फिरले आणि एकेक केबलचा कनेक्टर हलवत गेले. जिथे आवाज थांबला तिथे दुखणं. त्या माणसाला एक्झिट कोड नको होता, कान पुरे होते. आपल्याकडे कानही आहेत आणि केबलीही आहेत, पण सर्व्हर आयर्लंडमध्ये असतो.

शून्य म्हणजे यश, हे नवशिक्याला उलटं वाटतं. शाळेत शून्य मिळालं की आई-बाबांना बोलावायचे. इथे शून्य मिळालं की डॅशबोर्ड हिरवा. पण त्यामागचा हिशेब पटण्यासारखा आहे. काम नीट झालं, तर त्यावर आणखी बोलायचं काय? एक आकडा बास. बिघडणं मात्र तऱ्हेतऱ्हेचं असतं, म्हणून त्याच्यासाठी १ ते २५५ एवढी ऐसपैस जागा. त्यातही वरच्या काही खोल्या शेलने आधीच अडवून ठेवल्यात. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही. १२६ म्हणजे सापडली, पण चालवायची परवानगी नाही. १२८च्या पुढे, ज्या सिग्नलने जीव घेतला त्याचा नंबर मिळवायचा: कंट्रोल-सीने मेला तर १३०, किल मायनस नाइनने मेला तर १३७. कंटेनरवाल्यांना हा १३७ घरच्या फोन नंबरासारखा पाठ असतो, कारण मेमरी संपली की त्यांच्या पोरांना असंच मारलं जातं.

२५५ हा शेवट, कारण जागा आठ बिटांचीच. २५६ दिलात तर वरचं बिट गळतं आणि उरतं ०. ही नुसती पुस्तकी गोष्ट नाही. नेटवर्क तपासणारी स्क्रिप्ट लिहिताना कुणाला तरी हटकून एक हुशारी सुचते: जितके सर्व्हर बंद सापडले तितका आकडा एक्झिट कोड म्हणून परत करायचा. वा! तीन बंद तर ३, दहा बंद तर १०. दिसायला किती देखणं! प्रकल्प लहान असेपर्यंत चालतंही. मग कंपनी वाढते, सर्व्हर वाढतात, आणि एका रात्री मुख्य स्विच गचकतो. २५५ सर्व्हर बंद पडले तर अलर्ट येईल. २५६ पडले तर येणार नाही. सगळं हिरवं. एक सर्व्हर वाचला असता तर तुम्हाला कळलं असतं. एकही वाचला नाही, म्हणून तुम्ही गाढ झोपलात.

बरं, शून्य म्हणजे यश हा नियम तरी सगळ्यांनी पाळलाय का? नाव नको. डिजिटल कंपनीच्या व्हीएमएस नावाच्या जुन्या सिस्टिमवर विषम आकडा म्हणजे यश आणि सम आकडा म्हणजे अपयश. मायक्रोसॉफ्टचं रोबोकॉपी तर स्वतंत्र संस्थान आहे. फाइली सुखरूप कॉपी झाल्या तर ते १ परत करतं. कॉपी करायला काही नव्हतंच तर ०. आठच्या आत सगळं चालण्यासारखं, आठ आणि पुढे बोंब. आता हे जेनकिन्सला कोण समजावणार? शून्य सोडून काही दिसलं की ते लाल होतं. त्यामुळे रोबोकॉपी जेव्हा खरोखर काम करतं तेव्हा बिल्ड फेल होतं, आणि रिकामं बसून राहतं तेव्हा पास होतं. काही ऑफिसांमध्ये माणसांचंही मूल्यमापन याच पद्धतीने होतं, पण तो वेगळा विषय.

एकाच नावाचे दोन प्रोग्रॅम तरी एकमताने बोलतात का? लिनक्सवर उत्तर आलं नाही की पिंग १ देतं. मॅकवरचं, म्हणजे बीएसडी घराण्यातलं पिंग त्याच प्रसंगी २ देतं. आणि लिनक्सवर २ म्हणजे तर 'दुसरीच भानगड'. आपल्या टीममधला पोरगा मॅकबुकवर स्क्रिप्ट लिहितो, तिथे पोटभर चालवून बघतो, आणि मग ती लिनक्सच्या सर्व्हरवर चढवतो. पळसाला पाने तीन ही म्हण ज्याने काढली त्याने मॅकवरचं पिंग पाहिलं नसावं. वर डब्ल्यूचा घोळ आहेच. लिनक्सच्या पिंगला छोटा डब्ल्यू आणि मोठा डब्ल्यू असे दोन वेगळे पर्याय आहेत. छोटा म्हणजे एकूण मुदत. मुदत आणि पॅकेटांची संख्या दोन्ही दिली, तर मुदतीत तितकी सगळी परत यायलाच हवीत, नाहीतर १. म्हणजे पिंगला कडक करायची सोय आहे, फक्त ती या छोट्या डब्ल्यूच्या पोटात लपवून ठेवली आहे. मोठा डब्ल्यू म्हणजे एका उत्तरासाठी किती थांबायचं. त्याने निकाल कडक होत नाही. तोच मोठा डब्ल्यू लिनक्सवर सेकंदांत आणि मॅकवर मिलिसेकंदांत. शिफ्ट बटणावर चुकून बोट पडलं की कडक परीक्षक मवाळ होतो, आणि कोड रिव्ह्यूमध्ये हे कुणाच्या बापाला दिसत नाही.

आता कर्लकडे येऊ. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून हे सांभाळताहेत, आणि एक्झिट कोडांच्या बाबतीत त्यांच्याइतकी श्रीमंती क्वचितच कुणाकडे असेल. नव्वदीच्या घरात कोड. ६ म्हणजे नावाचा पत्ता लागला नाही. ७ म्हणजे पत्ता लागला, पण जोडणी झाली नाही. २८ म्हणजे वाट बघून कंटाळलो. ६० म्हणजे समोरच्याच्या सर्टिफिकेटवर माझा विश्वास नाही. या आकड्यांवरून रात्रीच्या झोपेत माणूस रोगनिदान करू शकतो. आणि एवढं सगळं असूनही सर्व्हरने '४०४, असं पान नाही' म्हणून हाकललं, किंवा '५००, माझंच डोकं फिरलंय' म्हणून सांगितलं, तर कर्ल काय देतं? ०!

नवीन माणूस इथे भडकतो. पण कर्लची बाजू ऐकून घ्या. कर्लचं काम काय? तिकडचं इकडे आणणं. सर्व्हरने चुकीचं पान दिलं, कर्लने ते एकही बाइट न सांडता आणून दिलं. कर्लच्या कामात खोट काढायला जागा नाही. तुम्हाला पान आवडलं नाही हा तुमचा आणि सर्व्हरचा प्रश्न. नको असेल तर मायनस एफ द्या. मग चारशे किंवा त्यापुढचं काहीही आलं की कर्ल २२ देईल. पण या मायनस एफची एक खोड होती. तो लावला की चूक झाल्याचं कळायचं, पण सर्व्हरने त्या चुकीबद्दल जे चार शब्द लिहून पाठवलेले असतात ते कर्ल गिळून टाकायचं. म्हणजे एकतर कारण वाचा आणि सगळं ठीक आहे असं माना, नाहीतर फेल झालं एवढंच घ्या आणि कारण विचारू नका. पुढे २०२१ मध्ये ७.७६.० या आवृत्तीत 'फेल विथ बॉडी' असा पर्याय आला आणि दोन्ही एकदम मिळायला लागलं. दोन दशकं लोक यापैकी एकावर भागवत होते. त्यांच्या जागी आपण मराठी माणसं असतो तर एवढ्यात या विषयावर दोन साहित्य संमेलनं आणि एक उपोषण झालं असतं.

डिग त्याहून थंड डोक्याचं. डीएनएसला नाव विचारलं, डीएनएस म्हणालं, या नावाचं जगात कुणी नाही. डिगचा निकाल: ०. त्याच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. नाव नाही हेही उत्तरच आहे, आणि उत्तर मिळालं म्हणजे काम झालं. उत्तरच आलं नाही तर ९. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाने टाळी द्यावी असा युक्तिवाद. पण तुम्ही स्क्रिप्टमध्ये 'डिग यशस्वी तर पुढे जा' असं लिहून ठेवलेलं असतं आणि स्क्रिप्ट अस्तित्वात नसलेल्या सर्व्हरकडे मोठ्या आत्मविश्वासाने चालायला लागते. त्या मानाने डब्ल्यूगेट प्रांजळ. सर्व्हरने चुकीचं उत्तर दिलं तर ८, नेटवर्क गेलं तर ४, आणि वर त्याच्या मॅन्युअलमध्ये कबुली की १.१२ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये आमचे एक्झिट कोड फारसे उपयोगाचे नसत आणि त्यांच्यात मेळही नसे. आपल्याच मॅन्युअलमध्ये असं लिहायला छाती लागते.

तर मुद्दा असा की नापास कुणाला म्हणायचं हे प्रत्येक टूलच्या लेखकाने कधीतरी आपापल्या मनाने ठरवून टाकलं. आणि वापरणाऱ्यांचं त्याच्याशी पटेना. म्हणून मग पर्याय आले. तुम्हीच ठरवा बाबा, कशाला फेल म्हणायचं आणि फेल झाल्यावर कुठला आकडा द्यायचा. के-सिक्स या लोड टेस्टच्या टूलमध्ये तुम्ही लिहून द्यायचं की ९५ टक्के रिक्वेस्ट अमुक मिलिसेकंदांत व्हायला हव्यात. नाही झाल्या तर ते ९९ आकडा देऊन बाहेर पडतं. सिस्टिमडीमध्ये 'सक्सेस एक्झिट स्टेटस' नावाची ओळच आहे. जावाचे प्रोग्रॅम थांबवले की १४३ देऊन मरतात, म्हणजे १२८ अधिक १५, आणि सिस्टिमडी त्याला अपघाती मृत्यू समजून पंचनामा करत बसतं. म्हणून त्या ओळीत १४३ लिहून द्यायचं, की हा नैसर्गिक मृत्यू आहे, मंडळी.

पण या कलेतले खरे उस्ताद म्हणजे नॅगिओस हे मॉनिटरिंगचं टूल चालवणारे. तिथे चार निकाल: ० म्हणजे ओके, १ म्हणजे वॉर्निंग, २ म्हणजे क्रिटिकल, ३ म्हणजे अननोन. आपल्या विद्यापीठांत पास आणि नापास यांच्या मध्ये एटीकेटी असते ना, एखाद-दोन विषय राहिले तरी पुढच्या वर्षात बसायला मिळतं, घरी सांगताना 'तसा पासच आहे' असं सांगता येतं, तीच ही वॉर्निंग. कुणी धावत नाही, कुणी रडत नाही, आणि ती कायमची सुटली असंही कुणी बघितलेलं नाही. डॅशबोर्डवरचे काही पिवळे चौकोन इतके जुने असतात की नवीन माणसाला ओळख करून देताना सांगतात, हे स्टोरेजचं, हे असंच असतं.

नॅगिओसच्या चेक-पिंगला मायनस डब्ल्यू आणि मायनस सी अशा दोन मर्यादा द्यायच्या. नॅगिओसबरोबर येणाऱ्या नमुना कॉन्फिगमधलं उदाहरणच घ्या: १०० मिलिसेकंद किंवा २० टक्के लॉस झाला की पिवळं, ५०० मिलिसेकंद किंवा ६० टक्के झाला की लाल. आणि जिथे आकडा बदलता येतो तिथे मीटिंग होते.

"हे लाल का दिसतंय?" आमच्या एका मॅनेजरांनी एकदा क्लायंट कॉलच्या आधी विचारलं.

"सर, पॅकेट लॉस आहे. बासष्ट टक्के."

"लाल कितीला होतं?"

"साठला."

"साठच का? कोणी ठरवलं?"

हा प्रश्न खरोखर बिनतोड होता. साठ कोणीच ठरवलं नव्हतं. नमुना कॉन्फिगमध्ये साठ होतं म्हणून आमच्या कॉन्फिगमध्ये साठ होतं.

"मग सत्तर कर ना. आणि हे पिवळं जे आहे, ते हिरव्यात नाही का बसणार?"

"बसेल सर. निगेट म्हणून एक प्लगइन आहे."

आहे खरंच. नॅगिओसच्या प्लगइनांत निगेट नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम आहे आणि त्याचा जन्म दुसऱ्या प्रोग्रॅमचं म्हणणं फिरवण्यासाठीच झालाय. ओकेला क्रिटिकल करायचं, क्रिटिकलला ओके करायचं, वॉर्निंगला काय म्हणायचं, अननोनला काय म्हणायचं, एवढंच नव्हे तर टाइमआउट झाला तर काय सांगायचं, सगळं आपल्या मर्जीने. हे ऐकल्यावर मॅनेजरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पॅकेट लॉस खरोखर थांबला असता तरी पसरलं नसतं. कॉल उत्तम झाला. क्लायंटचा आवाज तुटत होता, पण तो लाइनचा दोष असं सगळ्यांनी मानलं.

एवढी चेष्टा केल्यावर निगेटची खरी बाजूही सांगायला हवी, कारण ती खरी आहे. नेटवर्कची सगळी परीक्षा 'लागलं पाहिजे' अशीच नसते. समजा फायरवॉल बसवलाय आणि टेलनेटचा २३ नंबरचा पोर्ट बाहेरून बंद असायला हवा. तो तपासायला तुम्ही नेटकॅटने धडक मारता. जोडणी झाली तर नेटकॅट आनंदाने ० देतं, आणि तीच तुमच्यासाठी बोंबाबोंब करायची वेळ! नाही झाली तर ते बिचारं १ देतं आणि तुम्ही निवांत. इथे निकाल फिरवणं हेच प्रामाणिकपणाचं काम. तसंच नवीन सर्व्हर उठताना. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर वाट बघणाऱ्या स्क्रिप्टच्या दृष्टीने ती साधी 'थांब जरा' अशी सूचना असते. तेच दुपारी बारा वाजता चालू दुकानात आलं तर आग लागलेली असते. चूक एकच, आकडा एकच. तिला काय समजायचं हे विचारणाऱ्यावर आहे. म्हणून फेल कशाला म्हणायचं आणि त्याचा आकडा कोणता, हे बाहेरून ठरवता येणं चांगलंच आहे. टूलच्या लेखकाला तुमच्या दुकानाची वेळ कुठून माहीत असणार?

माझं भांडण आहे ते एकाच गोष्टीशी. तपासलं आणि नापास झालं, हे वेगळं. तपासताच आलं नाही, हे वेगळं. हे जुन्या जाणत्यांना पक्कं माहीत होतं. ग्रेपला शब्द सापडला तर ०, सापडला नाही तर १, फाइलच उघडली नाही तर २. डिफचंही तसंच. नॅगिओसचा ३ याचसाठी. आणि पर्याय हातात आले की पहिला बळी याच फरकाचा जातो. कारण मीटिंगमध्ये लाल-पिवळ्यावर वाद घालणारे ढीगभर असतात. त्या अननोनची बाजू घ्यायला कुणी नसतं. 'अननोन कशाला दाखवता, क्लायंट घाबरतो' असं म्हणत त्याला हिरव्यात ढकललं जातं. मग तपासणी करणाऱ्या प्रोबचंच नेटवर्क तुटतं, कुणालाच काही विचारता येत नाही, आणि कुणीच काही तक्रार करत नसल्यामुळे सगळं छान दिसतं.

ज्यांना पर्यायांची एवढी मॅन्युअलं वाचायचा कंटाळा असतो त्यांच्यासाठी शेलमध्ये रामबाण उपाय आहे: कमांडच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि 'ट्रू'. म्हणजे काही का होईना, खरं म्हण. जगातल्या कुठल्याही जुन्या स्क्रिप्टमध्ये ही रेघांची जोडी सापडेल आणि तिच्या वर कॉमेंट असेल, 'तात्पुरतं'. लिहिणारा केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. दुसरा प्रकार नकळत होणारा. पिंगचं आउटपुट लॉगमध्येही जावं म्हणून कुणी तरी पुढे पाइप टाकून टी जोडतं. पाइपच्या साखळीत शेवटच्याचाच आकडा ग्राह्य धरतात. टीचं काम फक्त लिहिणं, ते काम व्यवस्थित झालेलं असतं, म्हणून निकाल ०. सर्व्हर मेल्याची बातमी लॉगमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलेली आणि वर शेरा 'उत्तम'. बॅशमध्ये 'पाइपफेल' चालू केलं की हे थांबतं. पण ते मुद्दाम चालू करावं लागतं.

सगळ्यात मजेची जागा म्हणजे जिथे एकाचा आकडा दुसऱ्याच्या हातात जातो. टाइमआउट नावाची कमांड आहे, वेळ संपली की ती १२४ देते. हे सगळ्यांना पाठ असतं. आता वीस सर्व्हरांची यादी एक्सआर्ग्जला देऊन प्रत्येकावर एसएसएचने तपासणी चालवा. तिसऱ्या सर्व्हरशी एसएसएचची जोडणीच झाली नाही, तर एसएसएच देतं २५५. एक्सआर्ग्जचा नियम असा, की कमांडने २५५ दिला तर तिथल्या तिथे थांबायचं, पुढची यादी वाचायचीही नाही, आणि स्वतः द्यायचा... १२४. ऑन-कॉलवरचा माणूस १२४ बघतो, म्हणतो वेळ कमी पडली, आणि मुदत तीस सेकंदांवरून साठ करतो. पुन्हा १२४. मग साठची दोन मिनिटं. उरलेल्या सतरा सर्व्हरांना त्या रात्री कुणी विचारलेलंही नसतं. सकाळच्या मेलमध्ये लिहिलेलं असतं: 'टाइमआउट वाढवला आहे, लक्ष ठेवून आहोत.'

म्हणून आपला आकडा आपण निवडायची संधी टूलने दिली असेल तर ती जरूर घ्या, पण १ निवडू नका. तो जो-तो देतो. १२३ च्या पुढे जाऊ नका. तिथे आधीच गर्दी आहे. मेल पाठवणाऱ्या जुन्या मंडळींनी ६४ ते ७८ च्या पट्ट्यात आपली एक यादी करून ठेवलीय, तिच्याशीही टक्कर नको. राहिलेल्या मधल्या मोकळ्या जागेतून एखादा बरा आकडा उचला, ज्याचा अर्थ 'तपासलं, नापास' एवढाच होईल. आणि टूलने 'फेल झाल्यावर ० दे' असं सांगायची मुभा दिली, तर ती मुभा टूलच्या लेखकाकडे परत पाठवा. ती त्याने द्यायलाच नको होती.

आणि एक काम आजच करा, वाचकहो. इंटरनेटच्या कारभाऱ्यांनी १९९९ मध्ये आरएफसी २६०६ काढून 'डॉट इनव्हॅलिड' हे नाव राखून ठेवलंय. त्या नावाचा सर्व्हर कधीही, कुठेही असणार नाही अशी अधिकृत हमी आहे. तुमच्या ज्या तपासणीच्या स्क्रिप्टवर सगळ्यांचा गाढ विश्वास आहे, तिला संध्याकाळी घरी जाण्याआधी असा एक पत्ता द्या आणि डॉलर प्रश्नचिन्ह विचारा. शून्य आलं तर कुणाला काही बोलू नका. स्क्रिप्ट उघडा आणि त्या दोन उभ्या रेघा शोधायला लागा.